पावणेदहाचा फोन

आमच्या बीडच्या कार्यालयात किरकोळ रजेचा नियम सोपा होता. अचानक यायला जमणार नसेल तर दहाच्या आत आस्थापनेच्या कारकुनाला स्वतः फोन करायचा, कारण सांगायचं आणि परत आल्यावर पहिल्याच दिवशी अर्ज द्यायचा. व्हॉट्सअॅपवरचा निरोप चालत नसे, बायकोनं केलेला फोनही चालत नसे. आस्थापनेचा कारकून म्हणजे मीच. फोन आला की मी चिठ्ठी लिहून साहेबांच्या टेबलावर ठेवत असे.

वर्षाच्या आठ किरकोळ रजा. न घेतलेल्या डिसेंबरअखेर वाया जातात. माझ्या आठच्या आठ वाया जायच्या आणि मी ते छाती काढून सांगायचो. खरं म्हणजे मला रजेला कारणच नव्हतं. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, मुलगा पुण्यात होता आणि त्याचं माझ्यावाचून काही अडत नव्हतं.

आवक-जावकचा कारकून मात्र जवळच्या पाली गावचा, भरल्या घरातला, माझ्याहून पंधरा वर्षांनी लहान. त्याच्या आठ रजा दिवाळीच्या आत संपत. त्यात तो कारणं खरी सांगायचा. बाकीचे सगळे ‘घरगुती अडचण’ म्हणून मोकळे होतात. हा म्हणायचा, “भाऊसाहेब, आज न्हाई येत. म्हैस आडलीय, तिच्यापाशी कुनीतरी पाहिजे.” नाहीतर, “म्हातारी रुसलीय, तिला लेकीकडं सोडून येतो.” मी ते चिठ्ठीवर जसंच्या तसं लिहायचो. त्याची फजिती व्हावी म्हणून लिहायचो. साहेब वाचायचे आणि हसायचे. आत बोलावून मलाच विचारायचे, “व्याली का हो म्हैस?”

मला त्याचा हेवा वाटायचा. नुसता हेवा नाही, पोटात दुखायचं. मी रोज पावणेदहाला खुर्चीत हजर, आणि साहेबांनी माझ्याबद्दल एकदाही काही विचारलं नाही. हा घरी बसून त्यांना हसवत होता.

त्या दिवशी पावणेदहाला त्याचा फोन आला. “भाऊसाहेब, पोरीला बघायला पाव्हणे यायलेत. मांजरसुंब्याच्या फाट्यावर उतरतील, त्यान्ला घ्यायला जातो. आजची रजा टाका.” आवाजात आनंद मावत नव्हता. मी “बरं” म्हणालो. चिठ्ठीचा कागद पुढे ओढला, पेन उघडलं, आणि तसंच बंद केलं. आता हेही वाचून साहेब हसणार, असं मनात आलं.

अकरा वाजता वरून तपासणीचं पथक आलं, न कळवता. हजेरीपटावर त्याचा रकाना रिकामा. साहेबांनी मला विचारलं, “याचा फोन आला होता का?”

मी म्हणालो, “नाही.”

बढतीच्या यादीत त्याचं नाव होतं, हे माझ्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पूर्वसूचना न देता गैरहजर, अशी लेखी समज फाइलला लागली तर नाव मागे पडतं, हेही ठाऊक होतं. तरी मी ‘नाही’ म्हणालो.

दुसऱ्या दिवशी तो पेढे घेऊनच आला. लग्न जमलं होतं. साहेबांनी पेढा तसाच टेबलावर ठेवला आणि फोनचं विचारलं. त्याचा मोबाइल शर्टाच्या खिशात होता. काढून दाखवला असता तर कालचा पावणेदहाचा फोन साहेबांना दिसला असता. मी भिंतीकडे बघत उभा होतो. तो एकदा माझ्याकडे बघून म्हणाला, “गडबडीत ऱ्हायलं साहेब. चुकी माझी हाय.”

समजेचं पत्र मीच टाइप केलं. त्यानं सही केली आणि एक प्रत मला परत दिली. मी हळूच विचारलं, “खरं का नाही सांगितलंस?”

“तुमाला रिटायर व्हायला चारच म्हैने हायेत,” तो म्हणाला. “तुमच्या नोकरीत एक डाग न्हाई, सारं हापिस सांगतंय. तेवढ्यासाठी ते नाव कशापायी घालवायचं? माझं काय, घरी लई मानसं हायेत.”

मला त्याचे उपकार वाटायला हवे होते. मला राग आला. खोटं मी बोललो आणि मोठेपणाही त्यालाच मिळाला. रात्रंदिवस तेच मनात.

लग्नाची पत्रिका त्यानं हातात दिली, वर म्हणाला, “रजा टाकून या, भाऊसाहेब.” लग्नाच्या सकाळी पावणेदहाला मी साहेबांना फोन लावला. रजेसाठी उभ्या नोकरीत पहिलाच.

“साहेब, आज येत नाही. रजा हवी आहे.”

“तुम्हाला? कारण काय, भाऊसाहेब?”

“पालीला लग्न आहे. वाढायला माणूस कमी पडेल.”

साहेब हसले, त्याच्या चिठ्ठ्यांवर हसायचे तसेच, मोकळे. “जा जा,” म्हणाले, “आणि जेवणाचं काय होतं ते उद्या सांगा.” इतकी वर्षं मी त्या हसण्यावर डोळा ठेवून होतो. ते थोडा वेळ ऐकत राहिलो.

मग म्हणालो, “साहेब, तपासणीच्या दिवशी त्याचा फोन आला होता. माझ्याकडेच आला होता.”

हसणं थांबलं. साहेब म्हणाले, “उद्या आल्यावर आधी मला भेटा. आत्ता सांगितलंत ते लेखी घेऊन या.”