कोपरे झाकणारे महमूदभाई

पनवेलच्या बाजारात फोमच्या गाद्या विकणाऱ्या महमूदभाईंच्या घरात टोकदार असं काही उरलेलं नाही. टेबलाचे कोपरे, पलंगाची कड, ओट्याची धार, सगळीकडे दुकानातल्या उरल्यासुरल्या फोमचे तुकडे चिकटवलेले. नवा पाहुणा आला की त्याला वाटतं, घरात रांगणारं मूल असावं. मूल नाही. पंचावन्न वर्षांचे महमूदभाई आहेत.

त्यांना जन्मापासून हिमोफिलिया. रक्त गोठवण्याचं काम त्यांच्या अंगाला नीट जमत नाही. दुसऱ्याला साधं टेंगूळ येईल, तिथं यांचा गुडघा आतल्या आत रक्तानं भरून टम्म फुगतो. मग रक्त गोठवणारं इंजेक्शन घ्यायचं. त्याला ते 'फॅक्टर' म्हणतात आणि ते फ्रिजमध्ये सोलकढीच्या भांड्यामागे कायम हजर असतं. ते झालं की त्यांच्या बायकोनं, कुबरानं, वर बर्फ ठेवून पट्टी आवळायची. लग्न ठरवताना तिला सांगितलं होतं की मुलगा जरा नाजूक आहे. त्या 'जरा'चा हिशेब ती अजून सासरच्यांकडे मागते.

महमूदभाईंच्या नियमांना अंत नव्हता, पण सगळ्यांत कडक एकच: ब्लडप्रेशरचा पट्टा दंडाला लावू द्यायचा नाही. शाळेत असताना कुण्या कंपाउंडरनं तो मन लावून फुगवला होता आणि दंड काळानिळा होऊन हात गळ्यात बांधावा लागला होता. तेव्हापासून पट्टा घेऊन कुणी जवळ आलं की ते दोन्ही हात पाठीमागे नेऊन "हिमोफिलिया" एवढंच म्हणत, आणि तेही अशा रुबाबात की समोरचा मुकाट माघार घेई. वर स्वतःचं वैद्यक होतंच. ज्याचं रक्त मुळात टिकतच नाही, त्याला प्रेशर कुठून येणार? हा मुद्दा सिद्ध झाला असं धरून ते खारवलेल्या सुरमईचा आणखी एक तुकडा ताटात ओढत.

यंदाच्या थंडीत सकाळी उठल्या उठल्या त्यांचं डोकं ठणकायला लागलं. हिमोफिलिया असलेल्या माणसाचं डोकं दुखलं की घरात एकच विचार येतो, आत रक्त सुटलं. यात चेष्टा नाही. तसं झालं तर माणूस हातचा जातो. फॅक्टर टोचला, गाडी केली, मुंबईचं मोठं इस्पितळ गाठलं. तिथेही पट्टा पुढे आला, हात पाठीमागे गेले, आणि डोक्याच्या घाईत दंडाचा हट्ट मोडायला कुणाला सवड झाली नाही. स्कॅन साफ निघाला. महमूदभाई छाती काढून परतले. काही आठवड्यांनी पुन्हा तेच झालं. तेव्हाही स्कॅन साफ, आणि परत आल्यावर दुकानात येईल त्या गिऱ्हाइकाला गादीआधी आपल्या मेंदूचं कौतुक ऐकावं लागलं.

तिसऱ्या खेपेला मात्र गाडी कळंबोलीला पोलादाच्या ट्रेलरांमध्ये अडकली ती अडकलीच. महमूदभाई डोकं धरून बसलेले. कुबराचा धीर सुटला. तिनं ड्रायव्हरला गाडी रोडपालीत वळवायला लावली आणि दिसेल त्या दवाखान्यात नवऱ्याला नेलं. तिथल्या डॉक्टर रेवा त्यांच्या लेकीच्या, हादियाच्या वयाच्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि प्रेशर किती असतं ते विचारलं. ते कधी मोजलंच नव्हतं. डॉक्टरांनी पट्टा उचलला, आणि सवयीप्रमाणे हात पाठीमागे गेले.

डॉक्टर म्हणाल्या, अगदी हळू फुगवीन, गरजेपेक्षा जास्त नाही. महमूदभाईंनी नकारार्थी मान हलवली. तेव्हा कुबरा पुढे झाली.

"हादियाचे अब्बा, तुमचा गुडघा इतकी वर्षं मीच आवळतेय ना? कधी मोडला? हात द्या इकडे."

पट्टा तिनंच बांधला. डॉक्टरांनी बेतानं हवा भरली. वरचा आकडा एकशे नव्वदच्या पुढे होता.

"म्हणजे रक्त नाही सुटलं?" महमूदभाईंना हायसं वाटलं.

"ते स्कॅनच सांगेल, काका," डॉक्टर म्हणाल्या. "पण एवढ्या दाबानं डोक्यातली नस फुटू शकते. दुसऱ्यांपेक्षा तुम्हाला ते फार महागात पडेल. आधी फॅक्टर घेता ते बरोबरच, पण त्यानं दाब उतरत नाही."

या खेपेला महमूदभाईंनी हात पाठीमागे नेला नाही. कुबरानं पट्टा सोडला. घरातला एकेक कोपरा तिनं नवऱ्याच्या बरोबरीनं झाकला होता, आणि खरा धोका रोज तिच्याच हातची खारट सुरमई खाऊन दुकानात जात होता. तिला स्वतःचा राग आला आणि नवऱ्याचा त्याहून जास्त.

डॉक्टरांनी तिथूनच मोठ्या इस्पितळात फोन केला आणि दोघांना तिकडे पाठवलं. स्कॅन याही वेळी साफ आला. फरक एवढाच की महमूदभाईंनी तो कुणाला सांगितला नाही. गोळ्या सुरू झाल्या, सुरमई घरातून हद्दपार झाली, आणि उलव्याला राहणाऱ्या हादियानं प्रेशरचं मशीन आणून दिलं.

आता रोज सकाळी दोघं फोम लावलेल्या टेबलाशी बसतात. सुरुवातीला कुबरा पट्टा सैलच गुंडाळायची. डाग उठेल, दंड सुजेल, ही धास्ती आता तिला. आकडे कधी भलतेच वर, कधी भलतेच खाली. हादियानं फोनवर समजावलं की सैल पट्ट्याचा आकडा खोटा येतो. कुबरानं ते ऐकलं आणि दुसऱ्या दिवशीही सैलच गुंडाळला.

महमूदभाईंनी दंडावर लोंबणारा पट्टा पाहिला. मग पट्टा स्वतःच सोडून तिच्या हातात दिला, बाही आणखी वर सरकवली आणि हात टेबलावर ठेवला.

"घाबरू नकोस, कुबरा. नीट घट्ट बांध. मला अजून राहायचंय तुझ्याजवळ."

तिनं बांधला. दंडावर रुपयाएवढा निळा डाग उठला. त्यावर बर्फ धरून महमूदभाई नाश्त्याची वाट बघत बसले.