किलकेनीचा थाई बाजार, वीस युरो आणि आईची नसलेली अ‍ॅलर्जी

आई नागपूरहून तीन महिन्यांसाठी आली आणि कोविडमुळे दीड वर्ष अडकली. एवढ्या काळात तिने पाहिलेलं आयर्लंड म्हणजे लिक्सलिपमधलं आमचं घर, कालव्याकाठची वाट आणि लशीचं केंद्र. तिकिटं तीनदा रद्द झाली. ऑगस्ट २०२१ चं चौथं तिकीट पक्कं वाटायला लागलं, तेव्हा तिने एकच गोष्ट मागितली, जायच्या आधी एकदा बाहेर बसून गरमागरम खायचं. डब्यातल्या दशम्या नकोत.

तिकिटांनी खिशाला चांगलंच भोक पाडलं होतं, म्हणून दोघींचं जेवण वीस युरोत बसवायचं होतं. शोधता शोधता किलकेनीला उन्हाळ्यात शनिवारी भरणारा छोटा थाई बाजार सापडला. नवऱ्याची कॉम्प्युटर चिपच्या कारखान्यात शिफ्ट होती, त्यामुळे गाडी मीच काढली. लिक्सलिपहून नास गाठायचं आणि मग सरळ मोटरवे धरायचा. टोल नाही. सव्वा तास लागतो. वाटेत आईने शंभर तरी मेंढ्या मोजल्या असतील.

बाजार म्हणजे पार्किंगमध्ये उभ्या पाच-सहा खाण्याच्या गाड्या. बसायला जागा नाही, तेव्हा सतरंजी न्या. साडेअकराच्या आत पोचा, नंतर रांग वाढते. सुटे पैसे जवळ ठेवा. शाकाहारी असाल तर करीच्या वाटणात कोलंबी आहे का आणि चटणीत माशाचा सॉस आहे का, हे आधी विचारा. पहिल्या दोन गाड्यांवर दोन्ही होतं.

तिसऱ्या गाडीवर नोई नावाच्या बाई राइस नूडल्स परतत होत्या. टोफू, कोबी, मोड आलेली कडधान्यं, वरून दाण्याचं कूट आणि लिंबू. नऊ युरोला एका ताटात दोघी जेवतील इतकं भरपूर. आईचा चेहरा खुलला. अडचण एकच होती. चातुर्मास चालू होता आणि आईचा कांदा-लसूण बंद होता. मग मी तेच केलं जे इथे आम्ही सगळे करतो. व्रत, नेम, चार महिने हे सगळं कोण समजावत बसणार? मी मास्कमधून सांगून टाकलं, माझ्या आईला कांद्या-लसणाची अ‍ॅलर्जी आहे.

नोईने झारा खाली ठेवला. किती गंभीर, असं विचारलं. मी घाईत म्हटलं, बरीच.

"सॉरी," ती म्हणाली. "कढई एकच आहे. मी त्यांना काहीच देऊ शकत नाही."

मागे रांग होती. पुढच्या दोन गाड्यांवर विचारलं, तर त्यांनीही मान हलवली. इथे अ‍ॅलर्जी म्हटलं की कुणी धोका पत्करत नाही, आणि ते बरोबरच आहे. आपल्याच तोंडाने मी आईचं जेवण घालवलं होतं. मी तिला म्हटलं, चल, कुठेतरी चिप्स घेऊ. आई जागची हलेना.

"काय सांगून राहिली होतीस तू तिला?"

मी खरं ते सांगितलं. तिचा चेहरा उतरला. मला वाटलं चिडेल. त्यापेक्षा वाईट झालं, तिला लागलं.

"मी देवासाठी सोडलंय गं. त्याला आजार कशाला म्हणतेस?"

मग ती एकटीच नोईसमोर जाऊन उभी राहिली. आईचं इंग्रजी जेमतेम. छातीवर हात ठेवून म्हणाली, "नो सिक. गॉड." मग चार बोटं दाखवून, "फोर मंथ."

नोई हसली. आमच्याकडेही पाळतात, वर्षातून नऊ दिवस, तिने मला सांगितलं. तेव्हा मांस-मासे नाहीत आणि कांदा-लसूणही नाही. तिची आई अजून पाळते. मी आईला मराठीत सांगितलं, तर ती म्हणाली, म्हणजे यांचं नवरात्रच की. नोईने कढई घासली, धुतली, नवं तेल घातलं. मागच्या माणसाला थांबावं लागेल म्हणून मी माफी मागितली. तो म्हणाला, यू आर ग्रँड, म्हणजे इथल्या बोलीत काही हरकत नाही.

सतरंजीवर बसून दोघींनी एकच ताट वाटून घेतलं, आईने तिच्या वाट्याचा एकही नूडल ठेवला नाही. नंतर पाच युरोचे नारळाच्या दुधातले गोड गोळे घेतले, थेट आपल्या आप्प्यांसारखे. आप्पेपात्र कुठून आणलं, हे तिने खुणांनी विचारून घेतलं. चहा धरून वीसच्या आत बसलं.

पुढच्या आठवड्यात आई गेली. घर मोठं वाटायला लागलं. मला मात्र किलकेनीचं जेवण कमी आणि तिचा तो उतरलेला चेहराच जास्त आठवत राहिला. सहा वर्षांत मी या देशात किती आजार सांगितले होते! संकष्टीला पोट बिघडलंय, एकादशीला डोकं दुखतंय.

सप्टेंबरमध्ये आमची ऑफिसची टीम दीड वर्षाने स्वोर्ड्सला एका कॅफेबाहेर भेटली. नेमकी संकष्टी होती. मी फक्त चहा घेतला, तेव्हा मॅनेजरने विचारलं, बरं नाही का?

"मी बरी आहे. आज माझा उपास आहे, देवाचा."

"ग्रँड," तो म्हणाला आणि सँडविच खाऊ लागला. सहा वर्षं मी ज्याला घाबरत होते, ते एवढंच होतं.