काट्यांसाठी घातलेली पट्टी
पंक्चरच्या सोल्युशनचा वास आला, की कवठे महांकाळच्या आमच्या अंगणातली ती सकाळ आठवते. फौजेतून जखमी होऊन परतलेल्या थोरल्या भावाच्या उजव्या हाताला पकड उरली नव्हती. खडीच्या वाटांवर चालेल अशी सायकल मी त्याच्यासाठी तयार करत होतो. दोन्ही ब्रेक डाव्या मुठीला घेतले होते, मडगार्ड काढून रुंद टायर बसवले होते. जतकडच्या एका वाडीत त्याचा पलटणीतला सोबती अंथरुणाला खिळला होता. माळावरच्या कच्च्या रस्त्याने, स्वतः सायकल मारत त्याला भेटायला जायचे, एवढेच भावाला हवे होते. त्या सकाळी तो बूट घालूनच बाहेर आला. मी म्हणालो, "दादा, तिकडं बाभळीचं काटं लय. टायरात जुन्या ट्यूबची पट्टी डकवतो, मग जा." तो हसला. "मागच्या रविवारी गिअर, त्याच्या आधी सीट. सायकल बनवतोयस का मला बांधून घालतोयस रं?" मी चाक सोडवले. तो पडेल ही भीती माझी होती, आणि ती त्याने ओळखली असावी. त्याने एका हाताने बूट काढले. पुन्हा जतचे नाव घेतले नाही. सोबती गेल्याचा फोन आला, तेव्हा त्याने फक्त टीव्हीचा आवाज कमी केला. उभ्या उभ्या कुजलेली ट्यूब बदलायला आज मी त्या सायकलचे टायर उघडले. भाऊ ओट्यावर बसून बघत होता. आतली पट्टी कोरी होती. तिच्यात एकही काटा शिरला नव्हता.