उज्वलाबाईंचे कुत्रे

वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेत उज्वलाला आधी लोक भाजीवाली म्हणून ओळखायचे. नवरा रूपराव आणि दीर धीरज, दोघा भावांची गावाला लागून भाजीची वाडी होती. वांगी, मेथी, कोथिंबीर टोपलीत घालून उज्वला नव्या ले-आउटमधल्या घरांना पोचवून यायची. तिथली निम्मी घरं म्हाताऱ्यांची. मुलं पुण्याला, नाहीतर बंगळुरूला. ही मुलं तिकडे हौसेने कुत्रा पाळायची आणि बदली झाली किंवा घरात बाळ आलं की तोच कुत्रा गाडीत घालून आणून आईबापांच्या अंगणात बांधून जायची.

पौर्णिमाताईंचा ब्रूनो असाच आलेला. काळाभोर, थोराड लॅब्राडोर. बाईंचे गुडघे दुखरे. एकदा उज्वला मेथीची जुडी घेऊन फाटकाशी आली, तर ब्रूनो पुढे आणि बाई पट्ट्याला लोंबकळत मागे. उज्वलाने टोपली खाली ठेवली, पट्टा आपल्या हातात घेतला आणि वाडीतल्या बैलाशी बोलावं तशी बोलली, "हो रे, हो! कुठं आग लागली?"

ब्रूनो थांबला. तिच्या तळहाताला मेथीचा आणि मातीचा वास होता, तो हुंगत बसला.

"रोज येतेसच तू," पौर्णिमाताई धापा टाकत म्हणाल्या. "याला एक चक्कर मारून आणत जा. फुकट नको."

सुरुवात ही एवढीच. पण या एका चकरेचा धंदा झाला तो धाकट्या जावेमुळे, काजलमुळे. काजल बी. ए. झालेली, स्कूटी चालवणारी. तिनेच उज्वलाचा ब्रूनोबरोबर फोटो काढला, खाली दोन ओळी लिहिल्या आणि ले-आउटच्या ग्रुपवर टाकला. महिन्याभरात सुलतान आला, चेरी आली, मग आणखी दोघे-तिघे. उज्वला साडी सोडून पंजाबी ड्रेस घालायला लागली. उन्हासाठी स्कूटीवरच्या पोरींसारखी ओढणीने तोंड बांधायला लागली.

सासू, रुख्माबाई, खाटेवरून म्हणायची, "लोकाईच्या सुना गाईमागं फिरून पुण्य कमावते. आमची कुत्र्यामागं निंगाली."

समोरच्या धुरपताकाकूंनी एकदा भर रस्त्यात हटकलं, "काय व उज्वला, तू कुत्र्याले फिरवते का कुत्रा तुले?"

उज्वलाला काही सुचायच्या आत काजलने उत्तर दिलं, "काकू, ताईले कुत्रा तरी फिरवते. तुमाले तुमचा बुढा कुठी फिरवते का?" दोघी जावा हसत हसत घरी आल्या होत्या. लग्नाला चोवीस वर्षं झाली होती, पण त्या घरात आपल्या बाजूने कोणी बोललेलं उज्वलाने पहिल्यांदा ऐकलं.

त्या घरात तिचं असं काही नव्हतं. वाडी भावांची, चूल सासूची, हातातला फोनसुद्धा धीरजने टाकून दिलेला. पण ले-आउटमध्ये फाटक वाजलं की आतून आवाज यायचा, "उज्वलाबाई आल्या!" म्हाताऱ्यांना तिचं नाव ठाऊक होतं आणि कुत्र्यांना तिची चाहूल. एवढी एकच गोष्ट तिची होती, म्हणून ती जिवापाड सांभाळायची.

कामाची तिची एक रीत होती. नवा कुत्रा असला की आदल्या दिवशी ती अंगावरची, घामाची ओढणी त्याच्या बिछान्यात टाकून यायची. रात्रभर त्यावर झोपला की सकाळी तो ओळखीचाच होऊन उठायचा. हे तिने फक्त काजलला सांगितलं होतं. काजल रोज संध्याकाळी भाकरी थापता थापता विचारायची. सुलतान कशाला भितो, चेरी कुठे अडते, ब्रूनो कोणत्या वळणावर ओढतो? उज्वला सगळं सांगायची. इतक्या आवडीने तिला आजवर कोणी काही विचारलंच नव्हतं.

मार्चमध्ये हिंगणघाटहून निरोप आला. आईचं, भागीरथाबाईचं, मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं होतं.

"माह्यामागं चार दिवस तू नेशील का त्याईले?" उज्वलाने काजलला विचारलं.

"मले भेव लागते बाप्पा! त्यो सुलतान तं खाऊनच टाकीन मले." मग काजल जरा जवळ सरकली. "ताई, तुमच्या त्या रोजच्या ओढण्या द्या न दोन. बहिणीचे दिवस भरत आले. बाळाले गोधडी शिवतो."

बाळाच्या गोधडीला घरातल्या बायांचं वापरून मऊ झालेलं सुती लागतं, आणि त्याला कोणी नाही म्हणत नाही. उज्वलाने खुंटीवरच्या दोन काढल्या. "थांब, धुवून देतो."

"राहू द्या, मी धुतो. तुमाले सकाळची बस पकडाची हाये."

उज्वलाने त्यातल्या त्यात मऊ, पिवळी, हिरव्या ठिपक्यांची ओढणी वर ठेवून घडी तिच्या हातात दिली. जाताना फाटकाफाटकावर सुट्टी सांगून गेली.

हिंगणघाटला ऑपरेशन नीट झालं. डोळ्यावरची पट्टी निघाली तशी आईच म्हणाली, "जाय आता. तुहे कुत्रे वाट पाहत असन." एक दिवस आधीच उज्वला निघाली.

ले-आउटच्या कोपऱ्यावर ऑटोतून उतरली तेव्हा ऊन कलतं झालं होतं. हातात पिशवी, पिशवीत आईने दिलेल्या कुरडया. पुढे रस्त्याच्या कडेने एक बाई दोन कुत्रे घेऊन चालली होती. एक काळा, एक तपकिरी. बाईचं तोंड पिवळ्या ओढणीने बांधलेलं, ओढणीवर हिरवे ठिपके. डावा हात कमरेवर, उज्वला ठेवायची तसाच. क्षणभर उज्वलाला वाटलं, आपणच चाललोय.

ओट्यावर बसलेल्या बापूरावांनी, ज्यांच्या घरी कुत्रा नव्हता, हाक मारली, "काय उज्वलाबाई, आज लवकर?"

त्या बाईने हात वर केला आणि तशीच पुढे गेली.

उज्वलाच्या तोंडून आपोआप निघालं, "ब्रूनो!"

ब्रूनो गर्रकन वळला. त्याच्यामागे सुलतान वळला आणि दोघांनी मिळून त्या बाईला ओढत उज्वलापर्यंत आणलं. ओढाताणीत तिच्या तोंडावरची ओढणी खाली आली.

"ताई!" काजल म्हणाली. "तुमी तं उद्या येणार होत्या न?"

उज्वलाने आधी तिच्याकडे पाहिलं, मग ओढणीकडे. ती धुतलेली नव्हती.

"शिवली काय गोधडी?"

काजलने मान खाली घातली. "घरी चला. घरी सांगतो सगळं."

"तुले तं भेव लागते न त्याईचं?"

 काजलने पट्टे घट्ट धरले होते, मनगटाला एक वेढा देऊन, उज्वलाने शिकवले होते तसेच.

घरी रूपराव अंगणात वांगी निवडत बसला होता. किडकी एकीकडे, चांगली एकीकडे. उज्वला समोर उभी राहिली तरी त्याने मान वर केली नाही.

"आली काय. पाणी पे."

"तुमाले मालूम होतं?"

"लहान गोष्टीले मोठी करू नको." त्याने एक वांगं उलटंपालटं केलं. "काम घरातच राह्यलं न? परक्यानं नेलं काय? काजल शिकेल हाये, तिले स्कूटी हाये. धीरज म्हणे, बोर्ड लावू, वर्ध्यापर्यंत धंदा वाढवू. तू वाडी पाह्य, मायले पाह्य. तिचं आता वय झालं."

आतून रुख्माबाईचा आवाज आला, "माह्या नावावर काऊन खपवता रे? मी कोणाले म्हटलं, मले बाई पाह्यजे म्हणून? मी आंधळी ना पांगळी!"

"तू चूप राह्य व माय."

"तिच्या तोंडावर म्हटलं मी जे म्हटलं," रुख्माबाई काही थांबली नाही. "तुमच्यासारखं मागून नाई!"

उज्वलाने विचारलं, "कवा ठरलं हे?"

रूपरावने पुढचं वांगं उचललं. "संक्रांतीच्या आसपास."

संक्रांतीला तिने काजलला स्वतःच्या हाताने हळदीकुंकू लावलं होतं. तेव्हापासून सगळे एका ओळीत जेवत होते. चुलीजवळ बसून काजल विचारत होती आणि ती सांगत होती. बाहेर अंगणात दोघे भाऊ ते ऐकत असतील.

दुसऱ्या दिवशी ती पौर्णिमाताईंकडे गेली. फाटक तिनेच उघडलं. ब्रूनोने येऊन तिच्या पोटात डोकं खुपसलं.

"बाई, मले एक फोन तं कराचा होता तुमी."

पौर्णिमाताई गोंधळल्या. "अगं, रूपराव स्वतः आले होते. सगळ्या कुत्रेवाल्यांकडे जाऊन आले ते. म्हणाले, तुला चक्कर येते, आता झेपत नाही, पण तू काही तोंडाने सांगायची नाहीस. नवराच सांगतोय म्हटल्यावर मी काय..." त्या थांबल्या. "आणि काजल रोज ब्रूनोचा व्हिडिओ काढून माझ्या मुलाला पाठवते. तो खूश आहे. तुमचं घरातलं तुम्ही बघा बाई, मला मध्ये घेऊ नका."

जो माणूस तिच्या माहेरच्या वाटेवर कधी चार पावलं आला नाही, तो तिची चक्कर सांगायला दारोदार फिरला होता. उज्वलाला आयुष्यात कधी चक्कर आली नव्हती.

तेवढ्यात स्कूटी थांबली. काजल उतरली आणि दोघींना पाहून फाटकातच उभी राहिली. भांडण होणार, आपण उघड्या पडणार, ही भीती तिच्या चेहऱ्यावर स्पष्ट होती. ब्रूनो मात्र उड्या मारत तिच्याकडे गेला. तिचे हात चाटून परत उज्वलाकडे आला आणि पुन्हा तिकडे. शेपटी दोघींसाठी सारखीच हलत होती. त्या बिचाऱ्याला दोघींकडून एकच वास येत होता.

उज्वलाने खुंटीवरचा पट्टा काढला, ब्रूनोच्या गळ्यात अडकवला आणि दुसरं टोक काजलच्या हातात दिलं.

"ताई, मी तं नाईच म्हणत होती, पण हे दोघं भाऊ..."

"ऊन चढते. पाय भाजन त्याचे," उज्वला म्हणाली आणि बाहेर पडली.

घरी तिने भांडण केलं नाही. स्वयंपाक केला, वाडीत पाणी दिलं. संध्याकाळी काजल समोर येऊन बसली तरी उज्वला भाकरी थापत राहिली. रूपरावला वाटलं, निवळलं. धीरजने बोर्डाचं काम द्यायला चार माणसांत चौकशीसुद्धा केली.

एका रविवारी, सगळे वाडीत असताना, उज्वला ऑटोत बसून वर्ध्याला गेली. स्टेशनपलीकडच्या एका घरात नवरा-बायको दोघंही नोकरीला जात आणि त्यांचा कुत्रा दिवसभर दाराशी रडायचा, असं तिला हिंगणघाटच्या बसमध्ये कोणी सांगितलं होतं. घरच्या बाईने तिला बसायला खुर्ची दिली, चहा केला. बोलणं पटत गेलं.

"फक्त एक विचारायचं होतं," बाई म्हणाली. "तुम्ही कधी गावाला गेलात, आजारी पडलात, तर तुमच्या घरचं कोणी येऊ शकेल ना? मुलगी, जाऊ, कोणीही?"

"माह्या घरी कोणी नाई."

बाईची नजर तिच्या गळ्यातल्या मंगळसूत्राच्या काळ्या पोतीवर गेली.

"कोणी नाई," उज्वला पुन्हा म्हणाली आणि दाराशी बसलेल्या कुत्र्यापुढे तिने हुंगायला हात धरला.