निळ्या उजेडातली निवड

सोमवारी सकाळी कामावर आले, तर माझ्या टाकीतले सगळे मासे काळे दिसत होते. मासे ठणठणीत होते. वर नवे निळे एलईडी बसवले होते.

मी तेव्हा परळला, जुन्या गिरणीच्या जागेवरच्या मॉलमधल्या मत्स्यालयात क्युरेटर होते. म्हणजे माशांना काय हवं ते साहेबांना समजावायची नोकरी. त्या टाकीत प्रवाळात राहणारे बोटाएवढे मासे होते. बरेचसे तपकिरी आणि दोनच शेंदरी, एक नर, एक मादी. समुद्र तापून त्यांचं प्रवाळ पांढरं पडलं, मेलं. तिथून आता नवे मिळणार नव्हते.

रंग सोडला तर दोन्ही रंगांचे मासे सारखेच. त्यांची एकमेकांपासून पिल्लंही होऊ शकतात. पण शेंदरी मादी शेंदरी नरच निवडते, तपकिरी मादी तपकिरी. पिढ्यान्‌पिढ्या असं चाललं की एका प्रजातीच्या दोन होतात. समुद्रात कुंपण कुठून येणार? माद्यांची पसंती तेच काम करते. आमचे तपकिरी नर नाचून दमले, शेंदरी बाईसाहेबांनी ढुंकून पाहिलं नाही. नुकतीच ती शेंदरी नराच्या बिळाशी घुटमळायला लागली होती. मी त्या दोघांसाठी वेगळी टाकी मागत होते, पण साहेबांना ती जोडी लोकांसमोर हवी होती.

मी साहेबांना सांगितलं, या उजेडात शेंदरी काय नि तपकिरी काय, सगळे काळेच. तिला आपला नर ओळखू येणार नाही.

"मॅडम, निळ्यात पब्लिकचे सेल्फी मस्त येतात. सुट्ट्या संपू देत, मग बघू."

"तोवर तिने भलताच निवडला तर?"

"पिल्लं होतील ना? मग झालं."

झालीच. तिच्या अंड्यांचा गोळा तपकिरी नराच्या बिळात सापडला. साहेबांनी पेढे मागवले. टाक्या सांभाळणारी काळाचौकीची सुरेखा त्या मादीला रोज हाताने भरवायची. ती पेढ्यांचा बॉक्स घेऊन माझ्यापाशी आली.

"मॅडम, हे वाटू की नको?"

टाकीकडे तोंड करून मी रडले.

दिवे बदलून मिळेपर्यंत मादी मेली. वय झालंच होतं तिचं. शेंदरी नर काही दिवस बीळ साफ करत राहिला, मग त्याने खाणं सोडलं आणि तोही गेला.

पिल्लांतला एकच नर वाढला. मातकट रंगाचा, ना धड शेंदरी ना तपकिरी. मोठा झाल्यावर तोही बिळापुढे नाचायला लागला. आता उजेड स्वच्छ होता. तपकिरी माद्या त्याला बघायच्या आणि पुढे जायच्या. सुरेखा त्याला जास्त खायला घालायची. एकदा म्हणाली, "यात याची काय चूक, मॅडम?"

मत्स्यालयाच्या पत्रकात 'यशस्वी प्रजनन' असं छापून आलं. ते खोटं नव्हतं. मासे जगवायला मला येत होतं. त्यांना एकमेकांना नीट बघू देणं हेही आपलंच काम आहे, एवढं मात्र साहेबांना पटवता आलं नाही. शेंदरी मासा आता आमच्याकडे फक्त फोटोत आहे.