भूगर्भशास्त्राचं पहिलं युनिट

आता तुम्ही विषय काढलाच आहे तर सांगते. पण आधीच बजावून ठेवते, मी केलं ते चुकलं असलं तरी मला त्याची लाज वाटत नाही. हसायचं असेल तर चहा संपायच्या आत हसून घ्या. नंतर मी वाद घालणार आहे.

तर मी बी.ए.ला आहे. 'कशात?' असं विचारू नका, उत्तराला वेळ लागतो. मेजर अर्थशास्त्र, मायनर मानसशास्त्र, ओपन इलेक्टिव्ह म्हणून भूगर्भशास्त्र, शिवाय जर्मन आणि शिवाय तबला. नव्या धोरणात हे सगळं एकत्र घेता येतं. आता पंगतीत सगळं वाढलेलं असताना नुसता आमटीभात खाऊन कोण उठतं?

आमच्या अण्णांना, म्हणजे वडिलांना, हे मुळीच पटत नाही. ते चाकणला एका कंपनीत टर्नर आहेत. परभणीहून इकडे आले तेव्हापासून एकच काम, एकच मशीन, आणि त्यांच्या हातचा जॉब, म्हणजे मशीनवर कातलेला भाग, कधी रिजेक्ट होऊन परत आला नाही, हे आम्ही रोज जेवताना ऐकतो. त्यांच्या मते मी शिकत नाही, नुसती चव घेत हिंडते. क्वालिटी कंट्रोलचा एक कोर्स करावा, मग ते मला कंपनीत चिकटवतील, असा त्यांचा हिशोब.

मी काही ऐकेना. शेवटी अण्णांनीच अट घातली. "तुझ्या ह्या विषयांतला एक तरी कुनाच्या उपयोगाला आल्याला दाखव. दाखवलंस तर मी पुन्हा तोंड उघडनार न्हाई. न्हाई दाखवलंस तर गुमान कोर्सला जायचं."

मी म्हटलं, दाखवते.

संधी तर दारातच उभी होती. मोशीतली आमची सोसायटी उन्हाळ्यात टँकरवर जगते. चौथ्या मजल्यावर नळ सोडला की आधी खोकतो, मग नुसतीच हवा सोडतो. मीटिंगमध्ये बोअर घ्यायचं ठरलं आणि चेअरमन काकांनी एक पाणाड्या बोलावला. तळहातावर नारळ आडवा धरून तो अख्ख्या आवारात फिरला आणि नारळ उभा राहिला तो नेमका काकांच्या गाडीच्या पार्किंगमध्ये. काकांचा पाणाड्यांवरचा विश्वास त्याच क्षणी उडाला.

मी लगेच पुढे झाले. म्हटलं, काका, मी भूगर्भशास्त्र शिकते.

आता तुमच्यापासून काय लपवायचं? माझं एकच युनिट झालं होतं. आणि कॉलेजात कुठल्याही विषयाचं पहिलं युनिट म्हणजे व्याख्या, स्वरूप आणि व्याप्ती. त्यामुळे मी कशावरही दहा मिनिटं झकास बोलू शकते. अकराव्या मिनिटाला मात्र मला कुठेतरी जायचं असतं. भूगर्भशास्त्रातलं एक वाक्य तेवढं पक्कं लक्षात होतं: आपल्याकडचा खडक काळा बेसाल्ट, त्यात पाणी भेगांमधून साठतं.

आणि भेग मला दिसत होती. बाकीची बाग एप्रिलच्या उन्हात करपलेली, पण गेटपासून पाण्याच्या टाकीपर्यंत हरळीचा एक हिरवागार पट्टा. अगदी सरळ, पट्टीने आखल्यासारखा. खाली भेग असल्याशिवाय असं गवत येईल का, तुम्हीच सांगा. मी सगळ्यांना बागेत नेऊन व्याख्येपासून सुरुवात केली. सगळ्यांना पटलंही लगेच, कारण तिथे कुणाचंच पार्किंग नव्हतं.

मग जे सुरू झालं ते माझ्या हातात राहिलं नाही. दोन दिवसांत मी 'आपल्या जिऑलॉजिस्ट मॅडम' झाले. शेजारच्या सोसायटीचे सेक्रेटरी माझा नंबर घेऊन गेले. एका काकूंनी भिंतीची ओल दाखवायला घरी नेलं, आणि मी त्या भिंतीवर टकटक करून 'हं' म्हटलं. कहर म्हणजे अण्णांनी शिफ्ट बदलून घेतली. आई म्हणाली, पोरगी पाणी दाखवणार आहे, असं त्यांनी अख्ख्या लाइनवर सांगितलंय. त्या रात्री मी पहिलं युनिट पुन्हा दोनदा वाचलं.

बोअरची गाडी आली. पूजा झाली, अगरबत्ती लागली, मशीन धडधडलं. आणि काय सांगू, जमिनीत जरासं शिरतंय तोच पाणी! असं उसळलं की चेअरमन काका न्हाऊन निघाले. टाळ्या, शिट्ट्या, मोबाइल. अण्णा त्या फवाऱ्यात भिजत उभे होते आणि माझ्याकडे असे बघत होते, जसं त्यांनी मला दहावीच्या निकालालासुद्धा बघितलं नव्हतं. मला रडूच आलं.

तेवढ्यात वरून एक काकू ओरडल्या, "अहो, नळाचं पाणी गेलं."

मग दुसऱ्या मजल्यावरून तीच हाक, मग बी विंगमधून. बोअरवाल्याने मशीन बंद केलं, ओंजळभर पाणी नाकाशी नेलं आणि शांतपणे म्हणाला, "मॅडम, ह्याला क्लोरीनचा वास येतोय."

मी महापालिकेची लाइन फोडली होती.

दोन दिवस सगळी सोसायटी बादल्या घेऊन जिन्यात आणि प्रत्येक बादली माझ्याकडे बघून थांबायची. पण मी मान खाली घातली नाही. दुरुस्तीला खणलं तेव्हा कळलं, ती पाइप कधीपासून कुजून गळत होती. नवी टाकल्यावर चौथ्या मजल्यावर चक्क धार आली. ही कुणामुळे आली, असं मी ज्याला त्याला विचारलं.

पाचव्या दिवशी अण्णा रजा टाकून माझ्याबरोबर कॉलेजात आले, विषय काढून टाकायला. भूगर्भशास्त्राच्या सरांना त्यांनी सगळं पहिल्यापासून सांगितलं. सरांनी फक्त एवढंच विचारलं, की पट्टा सरळ होता का, आणि गेटपासून टाकीपर्यंतच होता का. मी हो म्हटलं.

"मग ती पाइपच," सर म्हणाले. "खडकातली भेग गेटवर सुरू होऊन टाकीपाशी संपत नाही. बोअर घेण्याआधी हेच तपासतात. दुसऱ्या युनिटला झालंय आपलं."

दुसऱ्या युनिटच्या वेळी मी जर्मनच्या तासाला होते.

पण मी सोडणारी नव्हे. मी तिथेच, सरांसमोर म्हटलं, "अण्णा, सरांनी खुर्चीतून न उठता पाइप ओळखली. म्हणजे विषय उपयोगाचा आहे. अट विषयाची होती, माझी नव्हती."

अण्णांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं, कंपनीत परत आलेला जॉब बघावा तसं.

"बरोबर हाय," ते म्हणाले. "जिंकलीस. समदे विषय ठेव. फकस्त त्यातला एखादा शीक बी."