मन्मथचा ‘जातो’

शेजारच्या एसटीडी बूथवाल्यानं काचेवर टकटक केलं, “काका, धारूरहून फोन हाय.” धारूरला माझ्या दोस्ताची, मन्मथची लेक दिलेली, आणि शेवटचे काही महिने तो तिच्याकडंच होता. “काका, अप्पा गेले,” एवढंच ती बोलली. मी “बरं” म्हटलं. असल्या वेळी बरं म्हणतात का कुणी? पण तोंडातून तेच निघालं... महिना होऊन गेला, अजून ते ‘बरं’ टोचतं.

बीडला मन्मथचं भांड्यांचं दुकान आणि समोर माझी सर्क्युलेटिंग लायब्ररी. घराघरांत केबल आली तसे माझे वाचक संध्याकाळी बाहेर पडेनात. नेमकं त्याच दिवसांत या गड्यानं ‘उतारू’ ही कादंबरीमालिका लिहायला घेतली. म्हटलं, याला आताच ही दुर्बुद्धी कावून? गोष्ट अशी, की मेलेल्यांची एक गाडी मांजरसुंब्याच्या फाट्यावर थांबते. ज्यांचा जीव बीडमध्ये अडकलाय ते तिथं उतरतात आणि गावात मिसळून जातात. कुणी एसटीडी बूथच्या रांगेत उभा राहतो, कुणी ढाब्यावर नुसता वास घेत बसतो. त्यांची समजूत घालून त्यांना परत गाडीत बसवायचं काम चंद्रकला कंडक्टरकडं. एसटीत बाई कंडक्टर तोवर आमच्याकडं कुणी पाहिली नव्हती. मन्मथनं ती आधी कागदावर आणली.

खरं सांगतो, पहिला भाग मी एका बैठकीत वाचून काढला. भुतंखेतं पुष्कळ वाचली होती, पण ती सगळी ओसाड माळावरची. मन्मथच्या गोष्टीतलं भूत भर मंडईत रिक्षावाल्याशी हुज्जत घालत होतं, तेही आपल्या बोलीत. पुस्तक परत करताना एक बाई म्हणाल्या, “मंडईत आता लई जपून चालते बघा, कुणाला धक्का लागंल सांगता येत न्हाई.” याहून मोठं परीक्षण कोण लिहिणार?

पण उणिवाही होत्या, आणि त्या मी त्याच्या तोंडावर सांगितल्या. त्याचा खलनायक शुद्ध पुस्तकी मराठी बोलायचा, जणू वाईट माणूस व्याकरण शिकूनच जन्माला येतो. कथेचं घोडं कुठं अडलं की पात्रं कपिलधारच्या धबधब्याआड शिरायची आणि पलीकडं वाट सापडायचीच. सगळ्यांत मोठी उणीव म्हणजे कायमचं कुणी जायचंच नाही. चंद्रकलेचा भाऊ भानू पहिल्या भागाच्या शेवटी गाडीत बसतो, वाचक रडतो, आणि दुसऱ्या भागात हा पठ्ठ्या पुन्हा फाट्यावर हजर. तिसऱ्यातही तेच. “मेलेल्याला मरू दे की बे,” मी म्हणायचो. “माणसानं रडायचं तरी किती वेळा?”

एकदा असाच वाद रंगला तेव्हा त्यानं खरं काय ते सांगितलं. भानूचं शेवटचं वाक्य त्यानं ‘ताई, जातो’ असंच लिहिलं होतं. छापखान्यातून प्रुफं घरी यायची, ती गिरिजावहिनी तपासायच्या. त्यांनी ‘जातो’चं ‘येतो’ केलं. पुस्तक छापून आलं आणि लोक विचारू लागले, भानू कधी येतो? मन्मथ चिडून घरी गेला, तर भाकरी थापता थापता वहिनी म्हणाल्या, “घरातून निघताना जातो म्हणतेत का कुणी? आता येतो म्हणलाय तर आणा त्याला.” झालं. आणावा लागला.

तिसऱ्या भागानंतर वहिनी आजारी पडल्या. त्यांना औरंगाबादला न्यायचं होतं. गाडीत बसताना मला म्हणाल्या, “येते हं भावजी.” ... आल्या नाहीत. मन्मथनं लिहिणं सोडलं. दुकानात बसून भांडी पुसायचा, पुसलेलीच पुन्हा पुसायचा.

धारूरला गेल्यावर मात्र त्यानं चौथा आणि शेवटचा भाग लिहून काढला. मी भेटायला गेलतो, तर पडल्या पडल्याच म्हणाला, “सुधाकर, यात भानू जातो. जातोच म्हणतो. आता खोडायला ती न्हाई. प्रुफं तू बघ, पण तेवढ्या शब्दाला हात लावू नको. तूच म्हणत होतास ना?” म्हणत होतो. आजही म्हणेन. भानू गेल्याशिवाय चंद्रकलेची गोष्ट पुरी होत नाही. पण मी हो म्हटलं नाही. उठताना “येतो” म्हणालो. त्यानं नुसती मान हलवली.

परवा प्रुफं आली. समोर त्याच्या दुकानाचं शटर खाली. मी लायब्ररीत बसून एकेक पान तपासत गेलो, काना-वेलांट्या सुधारत गेलो, आणि शेवटचं पान आलं. भानू पायरीवर चढतो, ‘ताई, जातो’ म्हणतो. चंद्रकला घंटीची दोरी ओढते आणि गाडी सुटते. पान उत्तम आहे, सगळ्या मालिकेत असं पान नाही. मी ते पुन्हा वाचलं, पेन उचललं, आणि ‘जा’ खोडून ‘ये’ केलं.

प्रुफं छापखान्यात गेली. पुस्तक आलं की कुणीतरी म्हणेल, शेवटी लेखक कचरला, याला माणूस सोडवत नाही. खुशाल म्हणा. फक्त तो दोष मन्मथच्या माथी मारू नका. तो सोडायला तयार झाला होता. मलाच सोडवलं नाही.